लेयर असलेल्या रास्टर चित्रांसाठी खुला फाइल फॉरमॅट कसा आखावा

लेयर असलेले, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पिक्सेलच्या थरांतून बनलेले चित्र एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना बिघडते ते बहुतेक वेळा पिक्सेलमुळे नव्हे. प्रत्येक लेयरचे रंग जसेच्या तसे पोहोचतात, लेयरची नावे पोहोचतात, क्रमही पोहोचतो. तरीही एकूण चित्र वेगळे दिसते, कारण ते लेयर एकमेकांवर कोणत्या गणिताने बसवायचे हे फाइलमध्ये किंवा फॉरमॅटच्या नियमांमध्ये पुरेसे स्पष्ट लिहिलेले नसते. नवा फॉरमॅट आखायला बसलेली मंडळी मात्र सुरुवात करतात ती झिप (अनेक फाइली एकत्र बांधणारे आवरण) वापरावे की स्वतःची बायनरी रचना करावी, माहिती लिहायला एक्सएमएल बरे की जेसन, अशा प्रश्नांपासून. हे प्रश्न सोपे आहेत आणि त्यांची चांगली उत्तरे आधीच उपलब्ध आहेत. या लेखात त्यांनाही जागा दिली आहे, पण अधिक वेळ जिथे खर्च व्हायला हवा तिथे, म्हणजे लेयरच्या बेरजेच्या नियमांवर, खर्च केला आहे.

आधीच्या प्रयत्नांकडे एक नजर टाकणे आवश्यक आहे. फोटोशॉपचा पीएसडी सर्वत्र चालतो आणि त्याचे वर्णनही प्रकाशित आहे, पण त्यात पुढे काय वाढवायचे हे एकच कंपनी ठरवते, आणि इतर प्रोग्रामांना मागून धावावे लागते. जिंप या खुल्या चित्रसंपादकाचा एक्ससीएफ खुला असला तरी तो जिंपच्या अंतर्गत रचनेचे प्रतिबिंब आहे आणि इतर प्रोग्रामांशी देवाणघेवाण हा त्याचा मूळ हेतू नाही. २००६ साली ल्यों येथे भरलेल्या पहिल्या लिब्रे ग्राफिक्स मीटिंगमधून, म्हणजे खुल्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरच्या परिषदेतून, ओपनरास्टर या फॉरमॅटची कल्पना पुढे आली. त्यामागे क्रिटा या खुल्या चित्रकला-प्रोग्रामचे विकासक होते आणि त्याची बांधणी ओपनडॉक्युमेंट या कार्यालयीन दस्तऐवजांच्या फॉरमॅटच्या धर्तीवर, म्हणजे झिपच्या पोटात एक एक्सएमएल फाइल आणि काही पीएनजी फाइली अशी होती. नवा फॉरमॅट आखणाऱ्याने ओपनरास्टरचा विनिर्देश (नियमांचा लेखी दस्तऐवज) आधी पूर्ण वाचावा. तो लहान आहे, आणि आपली गरज त्याच्या विस्तारातच भागते असे दिसून आले तर पुढची बरीच मेहनत वाचते.

व्याप्ती ठरवणे

पहिले काम कागदावरचे आहे. फॉरमॅट रोजच्या कामाचा आहे, देवाणघेवाणीचा आहे की दीर्घकाळ जतन करण्याचा, हे एका वाक्यात लिहून काढावे. रोजच्या कामाच्या फॉरमॅटला वेगाने साठवता येणे आणि प्रोग्रामची प्रत्येक लहरी सुविधा टिकवणे महत्त्वाचे असते. देवाणघेवाणीच्या फॉरमॅटला याच्या उलट, जे सर्वांना समजते तेवढेच पण नेमके सांगणे महत्त्वाचे असते. जतनाच्या फॉरमॅटला तो प्रोग्राम नामशेष झाल्यावरही साध्या साधनांनी उघडता येणे महत्त्वाचे असते. तिन्ही हेतू एकाच फाइलमध्ये बसवण्याचा मोह आवरावा. क्रिटाने स्वतःच्या कामासाठी केआरए हा वेगळा फॉरमॅट ठेवला आणि ओपनरास्टर देवाणघेवाणीसाठी राखला, ही विभागणी समजूतदारपणाची आहे. पुढचे सर्व विवेचन देवाणघेवाणीचा फॉरमॅट गृहीत धरून केले आहे.

यानंतर फॉरमॅटमध्ये काय नसेल याची यादी करावी, आणि ती विनिर्देशाच्या पहिल्याच प्रकरणात छापावी. ब्रशच्या सेटिंग्ज, अनडूचा इतिहास, ॲनिमेशनच्या फ्रेम, संपादनक्षम मजकूर, व्हेक्टर आकार यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणी ना कोणी मागणारच. संपादनक्षम मजकुराचेच पाहा: त्यासाठी फॉन्ट, ओळींची मोडणी, जोडाक्षरांची घडण हे सगळे दोन प्रोग्रामांमध्ये सारखे असावे लागेल, आणि ते स्वतंत्र फॉरमॅटचे काम आहे. पहिल्या आवृत्तीत मजकुराचा लेयर रास्टर रूपातच साठवावा. मूळ मजकूर हवा असल्यास तो विस्ताराच्या जागेत जोडण्याची सोय ठेवावी.

प्रारूप

फाइलमधील बाइटचा विचार करण्यापूर्वी चित्राचे प्रारूप निश्चित करावे. किमान प्रारूप असे: एक कॅनव्हास, त्याची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये, मुद्रणासाठी घनता, आणि एक झाड, ज्याच्या फांद्या म्हणजे गट व पाने म्हणजे लेयर. प्रत्येक लेयरला स्वतःची रुंदी, उंची आणि कॅनव्हासच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासूनचे अंतर असते. हे अंतर ऋण असू शकते, आणि लेयर कॅनव्हासच्या बाहेर सांडू शकतो, हे स्पष्ट लिहावे. न लिहिल्यास काही प्रोग्राम बाहेरचा भाग कापून टाकतील, आणि वापरकर्त्याने कॅनव्हास मोठा केल्यावर त्याला तिथे काहीच सापडणार नाही.

क्रमाबद्दलही असेच. यादीतील पहिला लेयर सर्वांत वरचा की सर्वांत खालचा? ओपनरास्टरमध्ये पहिला तो वरचा, कारण लेयरच्या पॅनेलमध्ये माणूस तसाच पाहतो. रंगवणाऱ्या कोडला उलटा क्रम सोयीचा असतो. कोणताही निवडा, पण उदाहरणासह लिहा.

प्रत्येक लेयरला नावाखेरीज एक ओळखक्रमांक द्यावा. नावे माणसांसाठी असतात; ती रिकामी असू शकतात, दोनदा येऊ शकतात, कोणत्याही लिपीत असू शकतात. मास्क (लेयरचा काही भाग झाकणारा पडदा) कोणत्या लेयरचा आहे किंवा कोणता लेयर कोणाला क्लिप झाला आहे, म्हणजे कोणाच्या आकारापुरता मर्यादित आहे, हे नावाने दर्शवले तर पहिल्याच पुनर्नामकरणात संबंध तुटतो.

लेयरची बेरीज

आता मुख्य काम. एका लेयरवर दुसरा लेयर ठेवल्यावर काय रंग निघतो याचा पाया थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली घातला. त्यांच्या बारा क्रियांपैकी रोज लागते ती ‘वरचे खालच्यावर’ ही क्रिया, आणि तिचे सूत्र असे लिहिता येते (अल्फा म्हणजे पिक्सेलची अपारदर्शकता, ० ते १):

निष्पन्न अल्फा = वरचा अल्फा + खालचा अल्फा × (१ − वरचा अल्फा)

रंगाचे सूत्र मात्र अल्फा कोणत्या पद्धतीने साठवला आहे त्यावर अवलंबून असते. रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवले असेल तर निष्पन्न रंग म्हणजे वरचा रंग अधिक खालचा रंग गुणिले (१ − वरचा अल्फा), इतके साधे. न गुणता ठेवला असेल तर आधी गुणावे, मग बेरीज करावी आणि शेवटी निष्पन्न अल्फाने भागावे लागते. पीएनजी न गुणलेला रंग साठवतो. ओपनईएक्सआर या चित्रफॉरमॅटमध्ये गुणलेला रंग ठेवण्याची रीत आहे. दोन्ही पद्धतींना कारणे आहेत. आठ बिटांत गुणलेला रंग साठवला आणि अल्फा २५५ पैकी ३ असेल, तर त्या पिक्सेलच्या प्रत्येक चॅनलला ० ते ३ एवढ्या चारच पायऱ्या उरतात, आणि पुढे कोणी त्या लेयरचा अल्फा वाढवला तर मूळ रंग परत मिळत नाही. म्हणून साठवण्यासाठी न गुणलेला आणि गणितासाठी गुणलेला, असा नियम करणे देवाणघेवाणीच्या फॉरमॅटला योग्य ठरते. अल्फा शून्य असलेल्या पिक्सेलचा रंग जपायचा की नाही, हेही सांगावे. काही चित्रकार मास्कखालचा रंग जाणूनबुजून ठेवतात, तर काही प्रोग्राम असे पिक्सेल साठवताना काळे करून टाकतात.

दुसरा प्रश्न असा की हे गणित कोणत्या रंगमूल्यांवर करायचे. पडद्यावरच्या नेहमीच्या चित्रातील एसआरजीबी मूल्ये प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. ती वक्र रेषेने दाबलेली असतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ५० टक्के अपारदर्शक काळा लेयर ठेवला तर साठवलेल्या मूल्यांवर थेट गणित करून २५५ पैकी सुमारे १२८ येतात. तेच गणित रेषीय प्रकाशात करून परत एसआरजीबीत आणले तर सुमारे १८८ येतात. हा फरक कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. भौतिकदृष्ट्या दुसरे उत्तर अधिक योग्य असले तरी बहुसंख्य चित्रे पहिल्या पद्धतीने रंगवलेली आहेत आणि चित्रकारांचे हात तिलाच सरावले आहेत. माझे मत असे की फॉरमॅटने बरोबर कोण याचा निवाडा करू नये. चित्राच्या मुळाशी एक गुणधर्म ठेवावा, जो संयोजन साठवलेल्या मूल्यांवर की रेषीय मूल्यांवर हे सांगेल, आणि तो लिहिणे सक्तीचे करावे. त्याला पूर्वनियत (डिफॉल्ट) मूल्य देऊ नये, कारण पूर्वनियत मूल्य असले की लिहिणारे प्रोग्राम विचार न करता ते गाळतात.

ब्लेंड मोडची, म्हणजे वरचा रंग खालच्यात मिसळण्याच्या पद्धतीची, व्याख्या नावाने कधीही करू नये. ‘सॉफ्ट लाइट’ असे लिहून भागत नाही. या एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रोग्रामांमध्ये एकापेक्षा अधिक सूत्रे प्रचलित आहेत आणि त्यांची उत्तरे जुळत नाहीत. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या कंपोझिटिंग अँड ब्लेंडिंग या मानकात मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले, डार्कन, लाइटन, कलर डॉज, कलर बर्न, हार्ड लाइट, सॉफ्ट लाइट, डिफरन्स, एक्सक्लूजन आणि त्यांच्या जोडीला ह्यू, सॅच्युरेशन, कलर व ल्युमिनॉसिटी हे मोड सूत्रांसह दिलेले आहेत. तोच संच गाभा म्हणून घ्यावा. तिथे ब्लेंड करणे आणि अल्फाने मिसळणे या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. वरच्या रंगाच्या जागी आधी एक मिश्र रंग काढला जातो:

मिश्र रंग = (१ − खालचा अल्फा) × वरचा रंग + खालचा अल्फा × ब्लेंड(खालचा, वरचा)

आणि मग हाच रंग नेहमीच्या ‘वरचे खालच्यावर’ क्रियेत जातो. या सूत्रातील पहिले पद विसरणारे प्रोग्राम अर्धपारदर्शक कडांवर काळपट किनार उमटवतात. भागाकार असलेल्या मोडमध्ये, जसे कलर डॉज आणि कलर बर्न, छेद शून्य झाल्यावर काय करायचे तेही प्रत्येक सूत्राखाली द्यावे.

गटांच्या बाबतीत गोंधळ सर्वाधिक होतो. गटाची अपारदर्शकता ५० टक्के असेल आणि त्यात एकमेकांवर येणारे दोन पूर्ण अपारदर्शक लेयर असतील, तर गट आधी एकत्र करून मग अपारदर्शकता लावल्यास पार्श्वभूमी ५० टक्के दिसते. तीच अपारदर्शकता प्रत्येक लेयरला वेगळी लावली तर पार्श्वभूमी फक्त २५ टक्के दिसते. पहिली पद्धत बंदिस्त गटाची आहे आणि तीच मूळ वर्तन म्हणून ठरवावी. पण बंदिस्त गटाचा दुसरा परिणामही समजून घ्यायला हवा. सावलीचा मल्टिप्लाय लेयर एकटाच अशा गटात टाकला तर त्याच्या खाली पारदर्शक पोकळी असते, खालचा अल्फा शून्य होतो, आणि वरच्या सूत्रानुसार मिश्र रंग म्हणजे लेयरचा स्वतःचाच रंग उरतो. सावली पार्श्वभूमीत मिसळत नाही, तिच्यावर चिकटवल्यासारखी दिसते. चित्रकाराला लेयर फक्त नीटनेटके ठेवण्यासाठी गट हवा असतो तेव्हा हे त्याला नको असते, म्हणून आरपार गटाचीही सोय द्यावी लागते, ज्यात गटातील लेयर थेट बाहेरच्या पार्श्वभूमीवर बसतात. आरपार गटाला अपारदर्शकता, मास्क किंवा स्वतःचा ब्लेंड मोड दिल्यास काय होईल याचे सर्वमान्य उत्तर नाही. अशा वेळी गट आपोआप बंदिस्त मानावा, असा नियम केल्यास प्रश्न सुटतो. ओपनरास्टरनेही याच धर्तीचा मार्ग घेतला आहे.

शेवटी पूर्णांकन. आठ बिटांच्या दोन मूल्यांचा गुणाकार २५५ ने भागताना कोणी अपूर्णांक छाटतो, कोणी जवळच्या पूर्णांकाकडे नेतो. वीस लेयर एकावर एक आल्यावर हा फरक साचतो आणि सपाट रंगछटांवर पट्टे दिसू लागतात. मधले गणित किमान सोळा बिटांत किंवा फ्लोटमध्ये (अपूर्णांकी संख्यांत) करावे आणि अंतिम आठ बिटांच्या उत्तरात एकापेक्षा जास्त पायरीचा फरक चालणार नाही, असा निकष लिहावा. बाइटला बाइट जुळण्याची अट मात्र घालू नये, कारण ग्राफिक्स कार्डावर रंगवणाऱ्या प्रोग्रामांना ती पाळता येणार नाही.

रंग आणि बिट

आठ आणि सोळा बिटांचे आरजीबी व करडे चॅनल पीएनजीत थेट बसतात. फ्लोट मूल्ये पीएनजीत बसत नाहीत. ती हवी असतील तर त्या लेयरसाठी ओपनईएक्सआर स्वीकारावा किंवा फ्लोटचा विषय दुसऱ्या आवृत्तीवर ढकलावा. दुसरा पर्याय मला अधिक पटतो. रंगप्रोफाइल, म्हणजे आकड्यांनी कोणते रंग दर्शवले जातात ते सांगणारी नोंद, संपूर्ण चित्राला एकच असावे. प्रत्येक लेयरला वेगळे प्रोफाइल देण्याची मुभा दिली की बेरीज नक्की कोणत्या रंगावकाशात करायची हा प्रश्न पुन्हा उघडा पडतो. पीएनजीमध्ये स्वतःचे प्रोफाइल व गॅमा लिहिण्याची सोय असते, त्यामुळे लेयरच्या पीएनजीत काही वेगळे लिहिलेले असले तर कोणाचे खरे मानायचे, हे एका वाक्यात सांगून टाकावे: चित्राच्या प्रोफाइलचे.

आवरण

येथे तीन वाटा आहेत. पहिली, पीएनजीसारखी स्वतःची तुकड्यांची बायनरी रचना, जिच्यात प्रत्येक तुकड्याला लांबी, प्रकार, मजकूर आणि तपासणीचा आकडा (सीआरसी) असतो. दुसरी, झिप. तिसरी, एसक्यूलाइटचा डेटाबेस, जो फाइलचा छोटा भाग सुरक्षितपणे बदलण्यात उत्तम आहे आणि म्हणून रोजच्या कामाच्या फॉरमॅटला शोभतो. देवाणघेवाणीसाठी झिप निवडावे. ते वाचणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक भाषेत मिळते, आणि फॉरमॅट न समजणारा माणूसही फाइल उलगडून आतली पीएनजी चित्रे बाहेर काढू शकतो. जतनाच्या दृष्टीने यापेक्षा मोठा विमा नाही.

झिप निवडल्यावर पुढील तपशील विनिर्देशात घालावेत. पहिली नोंद ‘माइमटाइप’ नावाची, न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) आणि जादा क्षेत्राशिवाय असावी. झिपचे स्थानिक शीर्षक ३० बाइटांचे आणि हे नाव रोमन लिपीत ८ बाइटांचे असल्यामुळे प्रकाराचा मजकूर नेमका ३८ बाइटांनंतर सुरू होतो, आणि झिप न उलगडताही फाइलचा प्रकार ओळखता येतो. ओपनडॉक्युमेंट, ईपब आणि ओपनरास्टर तिघेही ही युक्ती वापरतात. पीएनजी आधीच डिफ्लेट या पद्धतीने दाबलेले असते, तेव्हा ते झिपमध्ये पुन्हा न दाबता साठवावे. दुसऱ्यांदा दाबल्याने वेळ जातो आणि जागा वाचत नाही. साध्या झिपची मर्यादा ४ जीबी आणि ६५,५३५ नोंदींची आहे, म्हणून या मर्यादा ओलांडणारा झिप६४ हा विस्तार वाचता येणे सक्तीचे करावे. जिंपला एक्ससीएफमधील ३२ बिटांची स्थाने पुढे ६४ बिटांची करावी लागली, आणि फोटोशॉपला ३०,००० पिक्सेलच्या मर्यादेमुळे ३,००,००० पर्यंत जाणारा पीएसबी हा वेगळा प्रकार काढावा लागला. आज अवाढव्य वाटणारी मर्यादा पुरत नाही, याची ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

आतल्या फाइलींची नावे रोमन लहान अक्षरे, अंक आणि जोडरेघ यांपुरती ठेवावीत. लेयरचे खरे नाव यादीच्या फाइलमध्ये (लेयर व गटांचे झाड सांगणाऱ्या फाइलमध्ये) यूटीएफ-८ या सर्व लिपींना चालणाऱ्या पद्धतीत असतेच, त्यामुळे काही हरवत नाही, आणि वेगवेगळ्या संगणकप्रणालींवरील नावांच्या गोंधळातून सुटका होते.

टाइल्सचा, म्हणजे लेयर लहान चौकोनांत तोडून साठवण्याचा, विचार केवळ प्रचंड चित्रांसाठी करावा. ४,००० × ३,००० पिक्सेलचा आठ बिटांचा आरजीबीए लेयर उलगडल्यावर ४.८ कोटी बाइट घेतो, असे वीस लेयर म्हणजे ९६ कोटी बाइट. इतके आजचे संगणक सोसतात. लेयरचा रिकामा भाग कापून फक्त भरलेला आयत साठवला, तर पुष्कळ लेयर याहून कितीतरी लहान होतात. ही छाटणी करण्याची शिफारस करावी, सक्ती नको.

यादीची फाइल

एक्सएमएल की जेसन, यावर महिनोन्महिने वाद होऊ शकतात. एक्सएमएलमध्ये नावांचे अवकाश (नेमस्पेस) असल्याने विस्तार स्वच्छपणे वेगळे ठेवता येतात. जेसन वाचायला हलके आहे. झाडाची रचना दोन्हींत मांडता येते. मी एक्सएमएल निवडेन, पण डीटीडी व एन्टिटी (मजकुरासाठी लघुरूपे ठरवण्याच्या सोयी) पूर्ण बंद ठेवूनच, कारण एकमेकांत गुंफलेल्या एन्टिटींनी काही ओळींच्या फाइलमधून वाचणाऱ्या प्रोग्रामची सगळी स्मृती भरून टाकता येते.

संख्या कशा लिहायच्या हे बजावून सांगावे. अपारदर्शकता ० ते १ मधील दशांश संख्या असेल तर दशांशचिन्ह नेहमी टिंबच असेल, स्वल्पविराम नव्हे. सी भाषेतील छापण्याची फंक्शने संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगनुसार स्वल्पविराम छापू शकतात, आणि तशी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडताना ‘०,५’ चे शून्य होऊन लेयर अदृश्य होतो. अंक रोमन लिपीत वापरतात तेच असावेत, अनंत किंवा ‘संख्या नाही’ अशी मूल्ये अवैध असावीत, आणि मर्यादेबाहेरचे मूल्य आल्यास ते मर्यादेत ओढायचे की फाइल नाकारायची, हे प्रत्येक गुणधर्मापुढे लिहावे.

एकत्रित चित्र

फाइलमध्ये सर्व लेयर मिळून तयार झालेले पूर्ण चित्र पीएनजी स्वरूपात ठेवणे सक्तीचे करावे. त्याने फाइल फुगते हे खरे, पण त्याचे उपयोग दोन आहेत. लेयर न समजणारे साधे दर्शक प्रोग्राम तेच दाखवू शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लिहिणाऱ्या प्रोग्रामला चित्र कसे दिसत होते याचा तो पुरावा असतो. वाचणारा प्रोग्राम स्वतः लेयर जोडून आलेले चित्र त्याच्याशी ताडून पाहू शकतो, आणि फरक मोठा असल्यास वापरकर्त्याला तसे सांगू शकतो. पीएसडीच्या शेवटीही असे एकत्रित चित्र असते. फाइल व्यवस्थापकासाठी २५६ × २५६ पिक्सेलच्या आत बसणारे लघुचित्र वेगळे ठेवावे.

अनोळखी गोष्टींचे काय करावे

फॉरमॅट प्रकाशित झाल्यापासून काही काळातच कोणीतरी त्यात स्वतःची भर घालणार. ती थांबवता येत नाही. तिला वाट करून द्यावी लागते. या बाबतीत पीएनजीची योजना अभ्यासण्यासारखी आहे. तिथे तुकड्याच्या चार अक्षरी नावातील प्रत्येक अक्षर लहान की मोठे यावरून चार गोष्टी समजतात: तुकडा अत्यावश्यक आहे की पूरक, सार्वजनिक की खासगी, तिसरे अक्षर भविष्यासाठी राखीव, आणि चौथे सांगते की चित्र बदलल्यावर हा अनोळखी तुकडा तसाच पुढे नेणे सुरक्षित आहे की नाही. लेयरच्या फॉरमॅटला यातील पहिला आणि शेवटचा प्रश्न लागू होतो.

प्रत्येक विस्ताराने या दोन प्रश्नांची उत्तरे फाइलमध्येच द्यावीत. तो न समजल्यास चित्र चुकीचे दिसेल का? आणि लेयरचे पिक्सेल बदलल्यावर तो टिकवावा की टाकून द्यावा? लेयरला लावलेले रंगीत लेबल पूरक आहे आणि केव्हाही टिकवण्याजोगे आहे. मजकुराच्या लेयरचा मूळ मजकूर पूरक आहे, पण कोणी रास्टरवर ब्रश फिरवला की तो शिळा होतो आणि टाकून द्यावा लागतो. गाभ्याबाहेरचा ब्लेंड मोड अत्यावश्यक आहे, म्हणून त्याच्यासोबत गाभ्यातील एक पर्यायी मोड देणे बंधनकारक करावे, आणि पर्याय वापरावा लागल्यास वाचणाऱ्या प्रोग्रामने वापरकर्त्याला कळवावे. गुपचूप ‘नॉर्मल’ लावणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण चूक वापरकर्त्याला कळेपर्यंत त्याने फाइल साठवून मूळ माहिती पुसलेली असते.

आवृत्तीचे दोन आकडे पुरेत. पहिला बदलला की जुन्या प्रोग्रामने फाइल संपादनासाठी उघडू नये, फक्त एकत्रित चित्र दाखवावे. दुसरा बदलला तर उघडावी आणि अनोळखी गोष्टी वरील नियमांनी हाताळाव्यात.

साठवणे आणि वैरी फाइली

साठवताना नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहावी, डिस्कवर पोहोचल्याची खात्री करावी आणि मग नाव बदलून जुनीच्या जागी आणावी. झिपची मुख्य सूची शेवटी असते, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट फाइलला सूचीच नसते. जुनी फाइल शाबूत असणे हाच त्यावरचा उपाय आहे.

वाचताना प्रत्येक आकडा संशयाने पाहावा. लेयरची मापे ३२,७६८ × ३२,७६८ अशी लिहिलेली असतील आणि चार बाइटांनी गुणाकार ३२ बिटांत केला, तर उत्तर बरोबर शून्य येते. प्रोग्राम शून्य बाइटांची जागा घेतो आणि तिच्यात लिहू लागतो. डिफ्लेटमध्ये एकसारखा मजकूर हजारपटीपेक्षा थोडा जास्त दाबला जाऊ शकतो, म्हणजे काही एमबीच्या फाइलमधून काही जीबी बाहेर येऊ शकतात. म्हणून मापे आधी वाचून, लागणारी स्मृती मोजून, मगच पिक्सेल उलगडावेत. यादीतील फाइलच्या मार्गात दोन टिंबे किंवा सुरुवातीला तिरकी रेघ आली तर फाइल सरळ नाकारावी, नाहीतर उलगडताना ती फोल्डरबाहेर कुठेही लिहिली जाऊ शकते. गटांच्या खोलीलाही मर्यादा हवी.

चाचणीसंच आणि प्रकाशन

विनिर्देशाचा मसुदा आणि चाचणीसंच एकाच वेळी लिहावा. नियम लिहिला की त्याची फाइल करावी. प्रत्येक ब्लेंड मोडसाठी एक चित्र, ज्यात दोन्ही लेयरचे रंग व अल्फा टोकापासून टोकापर्यंत बदलत जातात, ऋण अंतराचा लेयर, रिकामा गट, बंदिस्त गटातला मल्टिप्लाय, एकाच नावाचे दोन लेयर, देवनागरी आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिपीतील नावे, एक बाय एक पिक्सेलचे चित्र, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल. प्रत्येकीसोबत अपेक्षित उत्तराची सोळा बिटांची पीएनजी असावी. त्यासोबत मुद्दाम बिघडवलेल्या फाइलींचा वेगळा गठ्ठा असावा, ज्यांवर अपेक्षित उत्तर ‘नकार’ हे आहे.

संदर्भ म्हणून एक छोटी लायब्ररी लिहावी, जिचा भर वेगावर नसून वाचनीयतेवर असेल, आणि ती एमआयटी किंवा बीएसडीसारख्या सैल परवान्याखाली द्यावी, म्हणजे खुले आणि बंदिस्त दोन्ही प्रकारचे प्रोग्राम ती वापरू शकतील. विनिर्देशाचा मजकूरही कोणालाही प्रत काढता येईल अशा परवान्याखाली असावा. पेटंटचा धोका काल्पनिक नाही: पीएनजीचा जन्मच १९९५ साली जीआयएफमधील एलझेडडब्ल्यू या दाबण्याच्या पद्धतीवरच्या युनिसिस कंपनीच्या पेटंटमुळे उठलेल्या वादातून झाला. म्हणून दाबण्याच्या पद्धती जुन्या, सर्वपरिचित आणि मुक्त अशाच निवडाव्यात.

पहिल्या आवृत्तीवर १.० हा आकडा घालण्याआधी दोन वेगवेगळ्या गटांनी, एकमेकांचे कोड न पाहता, केवळ विनिर्देश वाचून वाचन आणि लेखन दोन्ही तयार केलेले असावे. त्यानंतर एका प्रोग्राममध्ये फाइल तयार करावी, दुसऱ्यात उघडून एक लेयर बदलून साठवावी आणि पहिल्यात परत आणावी. अनोळखी विस्तार टिकले का, ओळखक्रमांक तेच राहिले का, एकत्रित चित्र एका पायरीच्या आत जुळते का, हे चाचणीसंचाच्या प्रत्येक फाइलवर तपासावे. जिथे दोन्ही गटांचे उत्तर वेगळे येते तिथे कोडमध्ये दुरुस्ती करण्यापूर्वी विनिर्देशातील ते वाक्य पुन्हा लिहावे, आणि त्या फरकाची नवी फाइल चाचणीसंचात जोडावी.